निबंधाचा वर्ग आणि अपंगत्वाचे आत्मलेखन : हेलन केलर यांच्या रॅडक्लिफमधील लेखनाच्या अनुषंगाने

प्रस्तावना

अपंग व्यक्तीने स्वतःच्या अपंगत्वाविषयी लिहिलेला निबंध अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखनवर्गांत आज नेमाने वाचला जातो. त्यावर चर्चा होते आणि पुष्कळदा त्याच धर्तीवर विद्यार्थ्यांकडून स्वानुभवपर निबंध लिहून घेतला जातो. अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा व्यापक कायदा अमेरिकेत १९९० साली संमत झाला. त्यानंतर महाविद्यालयांतील अपंग विद्यार्थ्यांची उपस्थिती अधिक ठळक झाली आणि अपंगत्व-अभ्यास ही ज्ञानशाखा मानव्यविद्यांच्या विभागांत स्थिरावली. त्यामुळे अशा आत्मलेखनाचा वर्गातील वापर हा गेल्या तीन-चार दशकांतील प्रघात आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः या प्रघाताचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. १९०० सालच्या हिवाळ्यात, बॉस्टननजीकच्या केंब्रिज येथे, रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयात, एक अंध व बधिर विद्यार्थिनी निबंधाच्या वर्गात आपल्या स्वतःच्या अनुभवाकडे वळली आणि त्यातून पुढे एक जगप्रसिद्ध आत्मचरित्र आकारास आले.

शिक्षणाच्या इतिहासात ही घटना बहुधा यशोगाथा म्हणून सांगितली जाते. ती यशोगाथा आहेच. पण तिला दुसरी बाजूही आहे. ज्या विषयाने हेलन केलर यांना लेखिका केले, त्या विषयाबाहेर वाचकांनी आणि संपादकांनी त्यांना पुढे फारसे जाऊ दिले नाही. अपंगत्वाविषयी लिहिण्याची मुभा मिळणे आणि अपंगत्वाविषयीच लिहावे अशी अपेक्षा असणे, या दोहोंतील अंतर फार थोडे असते. लेखन शिकविणाऱ्याने एक पाऊल पुढे टाकले की पहिलीचे रूपांतर दुसरीत होते. प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार केलर यांच्या महाविद्यालयीन लेखनाच्या आधारे केला असून, त्या ओघात रँडॉल्फ बोर्न, वेद मेहता आणि नॅन्सी मेअर्स यांच्या लेखनाचाही परामर्श घेतला आहे.

निबंधशिक्षणात स्वानुभवाचा प्रवेश

विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहावे, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी काळी नवी होती हे ध्यानात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन महाविद्यालयांत वक्तृत्व आणि निबंध यांचे विषय बहुतांशी अमूर्त असत. सद्गुण, देशाभिमान, महत्त्वाकांक्षा, काळाचा सदुपयोग अशा विषयांवर विद्यार्थी लिही आणि त्यासाठी लागणारी सामग्री तो वाचनातून, सुभाषितांतून, पूर्वसूरींच्या भाषणांतून गोळा करी. (आपल्याकडील शालेय निबंधमालांशी परिचित असलेल्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही.) हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आवश्यक केला आणि ॲडम्स शर्मन हिल यांच्या देखरेखीखाली लेखनशिक्षणाला शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचे रूप आले. हिल यांचे सहकारी बॅरेट वेंडेल यांनी १८८० च्या दशकात रोजच्या निबंधाची पद्धत रूढ केली. विद्यार्थ्याने दररोज एक छोटा परिच्छेद लिहून द्यावा आणि तो त्या दिवशी पाहिलेल्या, अनुभवलेल्या गोष्टीवर असावा, असा या पद्धतीचा आग्रह होता.

या बदलामागे एक व्यावहारिक कारण होते. विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती आणि अमूर्त विषयांवरील निबंध एकमेकांची नक्कल वाटू लागले होते. स्वानुभवाचा विषय दिला की निदान सामग्री तरी विद्यार्थ्याची स्वतःची असेल, असा शिक्षकांचा हिशेब होता. रॉबर्ट कॉनर्स या अभ्यासकाने १९९७ च्या आपल्या ग्रंथात अमूर्ताकडून वैयक्तिकाकडे झालेले हे स्थित्यंतर तपशिलाने मांडले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढे लक्षात घेणे पुरेसे आहे की, 'तुझे स्वतःचे लिही' ही सूचना मुळात उसनवारीवरील उपाय म्हणून वर्गात आली. आणि उसनवारीचा आरोप जिच्यावर सर्वांत जाहीरपणे झाला होता, अशी विद्यार्थिनी १९०० साली रॅडक्लिफमध्ये दाखल झाली.

'फ्रॉस्ट किंग'ची चौकशी

हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अलाबामा राज्यातील टस्कंबिया येथे झाला. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात आलेल्या आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. ३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन शिक्षिका म्हणून त्यांच्या घरी आल्या आणि तळहातावर बोटांनी अक्षरे लिहून भाषा शिकविण्यास आरंभ झाला. पुढील चार वर्षांत या मुलीची कीर्ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेच्या वार्षिक अहवालांमधून सर्वत्र पसरली.

१८९१ च्या शरद ऋतूत अकरा वर्षांच्या हेलनने 'द फ्रॉस्ट किंग' नावाची एक गोष्ट लिहिली आणि पर्किन्सचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. अनाग्नोस यांनी ती कौतुकाने छापली. थोड्याच दिवसांत ही गोष्ट मार्गारेट कॅनबी यांच्या १८७० च्या दशकातील 'द फ्रॉस्ट फेअरीज' या कथेशी विलक्षण जुळते, हे उघडकीस आले. कॅनबींची कथा १८८८ च्या उन्हाळ्यात, सुलिव्हन सोबत नसताना, हेलनच्या तळहातावर वाचून दाखविली गेली असावी, असे नंतर निष्पन्न झाले. हेलनला त्याचे स्मरण नव्हते. पर्किन्समध्ये चौकशी बसली. चार अंध आणि चार डोळस अशा आठ जणांसमोर या मुलीला एकटीला बसवून प्रश्न विचारण्यात आले. शिक्षिकेला बाहेर थांबावयास सांगितले होते. मते समसमान पडली आणि अनाग्नोस यांच्या मतामुळे ती निर्दोष ठरली; मात्र पुढे अनाग्नोस यांचाच विश्वास डळमळला.

या प्रकरणात प्रौढांचे वर्तन कठोर होते, यात शंका नाही. स्वतः कॅनबींनी मात्र मुलीची बाजू घेतली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. वाङ्मयचौर्याचा प्रश्न प्रत्येक लेखनशिक्षकाला कधी ना कधी भेटतो. परंतु येथे प्रश्न त्याहून गहन होता. डोळस मुलाला पाने गळताना दिसतात आणि त्याचे वर्णनही कोणी सांगते. यांपैकी आपले कोणते आणि ऐकीव कोणते, हे त्याला निदान काही प्रमाणात वेगळे करता येते. हेलनकडे रंगांची, बर्फाची, पानगळीची जी भाषा आली होती ती संपूर्णपणे इतरांच्या बोटांमधून आलेली होती. अशा स्थितीत 'तुझे स्वतःचे कोणते?' या प्रश्नाला ती काय उत्तर देणार? केलर यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे की, त्यानंतर दीर्घकाळ आपण लिहिलेले वाक्य आपले आहे की कुठेतरी वाचलेले, या शंकेने त्यांना ग्रासले. आईला पत्र लिहितानाही त्या वाक्ये पुन्हा पुन्हा तपासून पाहत. या भीतीतून बाहेर पडण्यासाठी सुलिव्हन यांनी त्यांना 'यूथ्स कम्पॅनियन' या नियतकालिकासाठी आपल्या आयुष्याची छोटी हकीकत लिहावयास प्रवृत्त केले. ती १८९४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. स्वतःचे आयुष्य हा एकच विषय असा होता की ज्याबाबत चोरीचा आळ येणे शक्य नव्हते. म्हणजे आत्मलेखनाकडे केलर यांचे वळणे हा केवळ आत्माविष्काराचा उमाळा नव्हता. तो एका आरोपीचा सुरक्षित आसराही होता.

कोपलँड यांचा वर्ग

रॅडक्लिफ महाविद्यालयास स्वतःचा अध्यापकवर्ग नव्हता. हार्वर्डचे अध्यापक तेथे येऊन शिकवीत. चार्ल्स टाउनसेंड कोपलँड हे त्यांपैकी एक. त्यांनी संशोधनपर ग्रंथ फारसे लिहिले नाहीत, पण लेखनाचे शिक्षक म्हणून त्यांची ख्याती मोठी होती. टी. एस. एलियट, वॉल्टर लिपमन, जॉन रीड हे हार्वर्डमधील त्यांचे विद्यार्थी. विद्यार्थ्याने आपल्या खोलीत येऊन निबंध मोठ्याने वाचावा, आपण ऐकत ऐकत शेरे सांगावेत आणि ते विद्यार्थ्यानेच आपल्या हाताने समासात लिहून घ्यावेत, अशी त्यांची हार्वर्डमधील रीत पुढे प्रसिद्ध झाली. वाक्य कानाला कसे लागते याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. ज्या विद्यार्थिनीने वाक्य कधी कानाने ऐकले नाही, तिच्या लेखनातील लयीची या शिक्षकाने मुद्दाम प्रशंसा करावी, हे विशेष होय.

२० डिसेंबर १९०० रोजी, म्हणजे महाविद्यालयात दाखल झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, हेलनने कोपलँड यांना एक पत्र लिहिले. ते पुढे आत्मचरित्राच्या जोडभागात छापले गेले. आपल्या निबंधांवर आपणच समाधानी नसल्याचे तिने त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. आजवर आपण इतरांचे अनुभव आणि निरीक्षणे निमूटपणे स्वीकारत आलो. आपली स्वतःची निरीक्षणे नोंदविण्याजोगी असतील, असे कधी मनातच आले नाही. यापुढे मात्र आपण आपलेच विचार लिहू, असा त्या पत्राचा आशय आहे. अपंगत्वाच्या आत्मलेखनाच्या इतिहासात या पत्राचे महत्त्व मोठे आहे. यात सहानुभूतीची याचना नाही आणि विजयाची घोषणाही नाही. आपले ज्ञान कोठून येते, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न एक वीस वर्षांची विद्यार्थिनी निबंधाच्या शिक्षकापुढे मांडत आहे.

यानंतर वर्गासाठी लिहिलेल्या निबंधांतून बालपणीच्या आठवणी, बागेतील वास, पाण्याचा स्पर्श, झाडावर असताना आलेले वादळ असे तुकडे साकारत गेले. 'लेडीज होम जर्नल' या मासिकाने तिच्याकडे आत्मचरित्राची मागणी केली, तेव्हा हेच निबंध मुख्य सामग्री म्हणून उपयोगी पडले. हप्ते १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी देऊ केलेले मानधन ३,००० डॉलर होते. महाविद्यालयाचा अभ्यास सांभाळून ठरावीक मुदतीत हप्ते देणे अशक्यप्राय झाले, तेव्हा हार्वर्डमधील इंग्रजीचे तरुण शिक्षक जॉन मेसी मदतीस आले. टंकलिखित पानांचे विस्कळीत ढीग, त्यांतील मजकूर पुन्हा हातावर वाचून दाखविणे, दुरुस्त्या, पुनर्लेखन अशी ही प्रक्रिया मेसींनी पुस्तकाच्या जोडभागात वर्णिली आहे. 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' १९०३ साली पुस्तकरूपाने निघाले आणि १९०४ मध्ये केलर सन्मानासह पदवीधर झाल्या. वर्गात लिहिलेला निबंध इतक्या दूरवर पोहोचल्याचे उदाहरण लेखनशिक्षणाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

विषयाचे कुंपण

पुस्तकाचे स्वागत झाले तसे आक्षेपही घेण्यात आले. 'द नेशन' या साप्ताहिकातील परीक्षणात केलर यांचे ज्ञान ऐकीव असल्याचे म्हटले गेले. पुढे १९३३ मध्ये थॉमस कट्सफोर्थ या अंध मानसशास्त्रज्ञाने अंधांच्या शिक्षणावरील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा अधिक मूलगामी रीतीने मांडला. अंध मुलांना डोळसांचे शब्द वापरावयास शिकविले जाते आणि त्यांचे स्वतःचे संवेदनविश्व दुय्यम ठरविले जाते, अशी त्यांची तक्रार होती. कट्सफोर्थ यांच्या टीकेत तथ्य आहे. परंतु केलर यांनी तिला आधीच उत्तर देऊन ठेवले होते, याकडे दुर्लक्ष होते. १९०८ च्या 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' या पुस्तकात त्यांनी हात, गंध आणि कंपने यांनी बनलेले जग अतिशय बारकाईने उभे केले. जमिनीतून येणाऱ्या पावलांच्या कंपनांवरून माणूस ओळखणे, हस्तांदोलनातून स्वभाव जाणणे, वासावरून घर ओळखणे असे तपशील या पुस्तकात आहेत. आत्मचरित्राहून हे पुस्तक वाङ्मयीन दृष्ट्या सरस आहे. तरीही वर्गात ते क्वचितच पोहोचले.

त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत केलर यांनी एक खोचक तक्रार केली आहे. इतर लेखकांना विषय बदलण्याची मुभा असते. आपण मात्र जकात, निसर्गसंपत्तीचे रक्षण किंवा शिक्षणाची पुनर्रचना यांविषयी काही सांगू पाहिले तर संपादक नम्रपणे पुन्हा बालपणीच्याच कल्पनांविषयी विचारतात, असा तिचा आशय आहे. विनोदाच्या सुरात मांडलेली ही तक्रार पुढे गंभीर झाली. १९०९ मध्ये केलर समाजवादी पक्षात सामील झाल्या. औद्योगिक अपघात, दारिद्र्य आणि अंधत्व यांच्या परस्परसंबंधांवर त्या लिहू लागल्या. नवजात बालकांचे डोळे जाण्यास कारण होणाऱ्या रोगाविषयी, ज्याचा उच्चार सभ्य घरांतील स्त्रियांसमोर होत नसे, त्यांनी जाहीरपणे लिहिले. तेव्हा 'ब्रुकलिन ईगल' या वृत्तपत्राने त्यांच्या राजकीय मतांचे मूळ त्यांच्या शारीरिक मर्यादांमध्ये शोधले. याच पत्राच्या संपादकाने पूर्वी आपली मुक्तकंठाने स्तुती केली होती, याची आठवण केलर यांनी ३ नोव्हेंबर १९१२ च्या 'न्यूयॉर्क कॉल' मधील लेखात करून दिली. अपंगत्वाविषयी लिहिताना ज्यांची साक्ष प्रमाण मानली जात होती, त्यांनीच इतर विषयावर लिहिताच अपंगत्व हे त्यांच्याविरुद्धचे प्रमाण ठरले. रॅडक्लिफच्या वर्गात मिळालेल्या विषयाला पडलेले हे कुंपण होते. ते कोपलँड यांनी घातले असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या वर्गात ज्या लेखनाचे कौतुक झाले, त्यानेच वाचकांची अपेक्षा घडविली, हे नाकारता येत नाही.

रँडॉल्फ बोर्न : निबंधाची दिशा बदलणे

केलर यांचा हा लेख येण्यापूर्वी एक वर्ष, सप्टेंबर १९११ च्या 'अटलांटिक मंथली' मध्ये एक निनावी निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा लेखक रँडॉल्फ बोर्न तेव्हा कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी होता. जन्माच्या वेळी चिमट्याने चेहऱ्याला झालेली इजा आणि बालपणीच्या क्षयाने वाकलेला कणा यांमुळे त्याचे रूप चटकन नजरेत भरे. विद्यापीठात येण्यापूर्वी न्यूयॉर्कमध्ये नोकरीच्या शोधात त्याने केलेली वणवण आणि दार उघडताच चेहरा पाहून मिळणारा नकार या निबंधात आला आहे. पण बोर्न तेथे थांबत नाही. ज्याला समाज पाहताक्षणीच बाद करतो त्याला समाजाने बाद केलेली इतर माणसेही दिसू लागतात. अपयश हे व्यक्तीचा दोष की व्यवस्थेचा, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही, असे तो दाखवितो. हाच निबंध 'यूथ अँड लाइफ' या त्याच्या १९१३ च्या संग्रहात बदललेल्या शीर्षकाने आला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत बोर्नचा अकाली मृत्यू झाला. युद्धविरोधी विचारवंत म्हणून त्याचे नाव टिकले. अपंगत्वावरील त्याचा निबंध मात्र अनेक दशके अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. केलर यांच्या बाबतीत घडले त्याच्या हे नेमके उलट आहे.

दादर ते न्यूयॉर्क

विषयाच्या कुंपणाशी सर्वांत जाणीवपूर्वक झुंज दिली ती वेद मेहता यांनी, आणि त्यांच्या लेखनाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. १९३४ साली लाहोर येथे जन्मलेल्या वेदची दृष्टी वयाची चार वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास मेंदूज्वराने गेली. वडील सरकारी आरोग्य खात्यात डॉक्टर होते. त्यांनी पाच वर्षांच्याही आतल्या मुलाला मुंबईतील दादरच्या अंधशाळेत पाठविले. ही शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली स्थापन केली होती. पुढे १९४९ मध्ये वेद आर्कान्सॉ राज्यातील अंधशाळेत आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयात गेला. पोमोनात शिकत असतानाच त्याने आत्मचरित्र लिहावयास घेतले. 'फेस टू फेस' हे पुस्तक १९५७ साली, लेखक तेविशीत असताना, प्रसिद्ध झाले. महाविद्यालयीन वयात अपंगत्वाविषयी लिहिणे आणि त्याच बळावर लेखक म्हणून मान्यता मिळणे, हा केलर यांचाच मार्ग होता.

येथून पुढे मात्र मेहता यांनी वाट बदलली. 'न्यूयॉर्कर' मधील आपल्या प्रदीर्घ लेखनकाळात त्यांनी तत्त्वज्ञ, इतिहासकार, धर्मशास्त्रज्ञ, गांधीजींचे अनुयायी यांच्यावर विपुल लिहिले आणि ते लिहिताना चेहरे, कपडे, खोल्यांची मांडणी यांची दृश्य वर्णने मुक्तपणे केली. आपल्या अंधत्वाचा उल्लेख पुस्तकांच्या वेष्टनावर नसावा, असा त्यांचा अनेक वर्षे आग्रह होता. काही टीकाकारांना यात बतावणी वाटली. हा आक्षेप उथळ आहे. डोळस लेखकही न पाहिलेल्या लढाया आणि न पाहिलेली शतके वर्णितो. त्याला कोणी साक्षीपुरावा मागत नाही. आपल्या विषयाची निवड आपल्या शरीराने करू नये, एवढाच मेहता यांचा हट्ट होता. तो हक्क प्रस्थापित केल्यानंतरच ते बालपणाकडे परतले. १९८२ च्या 'वेदी' या पुस्तकात दादरच्या शाळेतील दिवस बहुतांशी आवाज, स्पर्श आणि वास यांच्या आधारे उभे राहतात. पहिल्या पुस्तकानंतर पंचवीस वर्षांनी आलेले हे लेखन अधिक मोकळे आहे, याचे एक कारण असे संभवते की या वेळी तो विषय त्यांना कोणी नेमून दिलेला नव्हता.

नेमलेला निबंध

१९८० नंतर अमेरिकन लेखनवर्गांतील पाठ्यसंग्रहांत अपंगत्वाच्या निबंधांना स्थान मिळू लागले. त्यांत नॅन्सी मेअर्स यांचा १९८६ च्या 'प्लेनटेक्स्ट' या संग्रहातील निबंध विशेष गाजला. मज्जासंस्थेच्या दुर्धर आजाराने चालणे कठीण झालेल्या मेअर्स यांनी स्वतःसाठी सौम्य शब्द नाकारून मराठीत 'पांगळी' म्हणता येईल असा रोखठोक शब्द जाणूनबुजून निवडला. ऐकणाऱ्याने थोडे दचकावे, अशी त्यांची इच्छा होती. निबंधाची सुरुवात स्वच्छतागृहात पाठीवर पडण्याच्या प्रसंगाने आणि स्वतःलाच आलेल्या हसण्याने होते. शब्दनिवड, स्वर आणि वाचकाशी असलेले नाते शिकविण्यासाठी हा निबंध उत्तम आहे. म्हणून तो टिकला. मराठीतही पांगळा, अपंग, विकलांग आणि २०१५ नंतर शासकीय व्यवहारात दिव्यांग, असा शब्दांचा प्रवास झाला आहे. शब्द जसजसा गोंडस होतो तसतसे ज्याच्याविषयी तो वापरला जातो त्याचे मत विचारण्याची गरज कमी भासू लागते, ही मेअर्स यांची शंका येथेही विचारात घेण्यासारखी आहे.

अडचण निर्माण झाली ती अशा निबंधाचे वाचन संपवून त्याच धर्तीवर लिहिण्याची सूचना दिली जाऊ लागली तेव्हा. अमेरिकन कायद्यानुसार आपले अपंगत्व शिक्षकाला सांगावे की नाही, हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे असते. सवलत हवी असल्यास तो महाविद्यालयाच्या संबंधित कार्यालयाकडे नोंद करतो आणि कारण शिक्षकापर्यंत पोहोचलेच पाहिजे असे नसते. 'तुम्ही मात केलेल्या एखाद्या अडचणीविषयी लिहा' हा निरागस वाटणारा विषय, कायद्याने ऐच्छिक ठेवलेली गोष्ट गुणांच्या मोबदल्यात मागून घेतो. शिवाय 'मात केलेली' या शब्दांत निबंधाचा शेवटही ठरवून टाकलेला असतो. जी. टॉमस कौझर यांनी १९९७ पासूनच्या आपल्या लेखनात दाखविल्याप्रमाणे, विजयकथेचा साचा प्रकाशनव्यवहारात अपंगांच्या आत्मचरित्रांवर लादला जातो. वर्गात तो लादण्याचे काम प्रश्नाची शब्दरचना करते. ज्याचा आजार बरा होणारा नाही, किंवा ज्याला आपल्या बधिरत्वाचे काही दुःखच नाही, त्या विद्यार्थ्याने काय लिहावे? आणि लिहिलेच, तर त्याला गुण कशाचे द्यावयाचे? शिक्षक दुःखाला कमी गुण देऊ धजत नाही आणि म्हणून त्या लेखनातील ढिसाळ वाक्येही दुरुस्त करीत नाही. कोपलँड यांनी हेलनच्या वाक्यांची चिकित्सा वाक्ये म्हणून केली होती, हे या ठिकाणी आठवणे योग्य ठरेल.

या प्रश्नांची चर्चा २००१ साली 'कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशन' या नियतकालिकात पाच अध्यापकांनी मिळून लिहिलेल्या लेखाने विशेष पुढे नेली. ब्रेंडा ब्रुगमन आणि त्यांच्या सहलेखकांची भूमिका अशी की अपंगत्व वर्गात बाहेरून आणावे लागत नाही. ते तेथे असतेच, बहुधा न दिसणाऱ्या रूपात. त्यामुळे अपंग विद्यार्थ्याकडून कहाणी काढून घेण्यापेक्षा, लेखनाच्या प्रचलित पद्धती कोणत्या प्रकारच्या शरीराला आणि मनाला गृहीत धरतात हे सर्वांनीच तपासावे. जॉर्जिना क्लेगी या अंध लेखिकेने २००६ च्या 'ब्लाइंड रेज' या पुस्तकात केलर यांना उद्देशून पत्रे लिहून, १८९२ च्या त्या चौकशीची फेरतपासणी केली. शालेय वयात सतत केलर यांचा आदर्श समोर ठेवला गेल्याचा राग त्या पुस्तकामागे आहे. आदर्श म्हणून नेमलेला निबंध अपंग विद्यार्थ्याच्या वाट्याला कसा येतो, याची ही दुर्मीळ नोंद होय.

कोणता उतारा नेमावा हा प्रश्न म्हणूनच दुय्यम नाही. 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' मधून पाठ्यपुस्तकांत बहुधा एकच प्रसंग घेतला जातो : ५ एप्रिल १८८७ रोजी विहिरीच्या पंपाखाली हात धरलेला असताना पाणी या शब्दाचा झालेला उलगडा. हे चौथे प्रकरण आहे. त्याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या प्रकरणात २९ आणि ३० जून १८९९ रोजी दिलेल्या रॅडक्लिफच्या प्रवेशपरीक्षेची हकीकत आहे. प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये उतरवून देण्यात आल्या होत्या. भाषाविषयांत त्याने काही बिघडले नाही. परंतु गणितासाठी हेलनला सवय होती ती इंग्रजी ब्रेलमधील चिन्हांची. अमेरिकन पद्धतीची चिन्हे तिला परीक्षेच्या अवघे दोन दिवस आधी मिळाली. बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकेत कंस आणि चिन्हे यांचा बोध होईना. लिहिलेले उत्तर तपासून पाहण्याचे साधन नव्हते. ती उत्तीर्ण झाली. परीक्षा घेणाऱ्यांना आपण ती किती अवघड करून ठेवत आहोत याची कल्पना नव्हती, असे तिने कोणताही त्रागा न करता लिहून ठेवले आहे.